सहा वर्षं एका बुडबुड्यापायी

सूक्ष्मदर्शकाखाली तो बुडबुडा चटकन ओळखू येतो. आतली पोकळी डोक्याच्या केसाएवढी असलेली काचेची नळी, तिच्यात काठोकाठ भरलेलं पारदर्शक जेल, आणि नळीच्या तोंडापासून जरा आत त्या जेलचे दोन तुकडे करून बसलेली एक इवलीशी पोकळी. तेवढ्याने सगळा प्रयोग संपतो. विजेला वाहायला त्या नळीत दुसरा रस्ताच नसतो. प्रवाह शून्यावर येतो, आणि रात्रभर खपून तयार केलेली नळी कचऱ्याच्या डब्यात जाते.

१९८७ ते १९९३ या सहा वर्षांत बॉस्टन, सॉल्ट लेक सिटी, ब्लूमिंग्टन, एडमंटन, जर्मनीतलं म्युलहाइम अशा कितीतरी गावांतल्या प्रयोगशाळा या बुडबुड्यामागे लागल्या होत्या. मानवी जनुकसंचाच्या वाचनाची गोष्ट आपण ऐकतो ती खासगी कंपनीचे क्रेग व्हेंटर आणि सरकारी प्रकल्पाचे फ्रान्सिस कॉलिन्स यांच्या शर्यतीची, व्हाइट हाउसमधल्या समारंभाची. ती खरीच आहे. पण ती शर्यत ज्या यंत्रांवर धावली, ती यंत्रं उभी राहण्याआधी केसाएवढ्या पोकळीत जेल टिकवायचं कसं, हा प्रश्न सुटावा लागला. तो कसा सुटला हे मला त्या समारंभाहून जास्त मोलाचं वाटतं, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो.

सुरुवात स्वीडनमधल्या उप्सालापासून करायला हवी. १९३७ साली आर्ने टिसेलियस यांनी इंग्रजी यू अक्षरासारख्या नळीत रक्तद्रव घेऊन त्यातून वीज सोडली. प्रथिनांवर विद्युतभार असतो. ज्याचा भार जास्त आणि आकार सुटसुटीत, ते पुढे सरकतं. रक्तद्रवातले अल्ब्युमिन आणि अल्फा, बीटा, गॅमा ग्लोब्युलिन असे वेगवेगळे घटक त्यांनी दाखवून दिले. १९४८ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. इलेक्ट्रोफोरेसिस हे नाव जगभर झालं ते तेव्हापासून. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये सिकलसेलच्या रुग्णाचं हिमोग्लोबिन वेगळं आहे हे सिद्ध केलं, तेही टिसेलियस यांच्याच पद्धतीने. गडचिरोली-नंदुरबारकडे सिकलसेलची खात्री करायला आज जी इलेक्ट्रोफोरेसिसची तपासणी होते, तिचं मूळ हेच.

टिसेलियस यांना सर्वांत जास्त छळलं ते उष्णतेने. पाण्यातून वीज गेली की पाणी तापतं, तापलेलं पाणी वर येतं, थंड खाली जातं, आणि मोठ्या कष्टाने वेगळे केलेले थर पुन्हा एकमेकांत मिसळतात. त्यासाठी ते सगळं उपकरण थंडगार ठेवत. पाणी घुसळलंच जाणार नाही अशा कशात तरी ते अडकवून ठेवता आलं तर? मग लोकांनी ओला टीपकागद वापरून पाहिला, पिष्ठाच्या दाण्यांचा ओला लगदाही वापरून पाहिला.

इथे ऑलिव्हर स्मिथीज येतात. यॉर्कशरमध्ये जन्मलेला हा तरुण टोरांटोच्या कॉनॉट प्रयोगशाळेत इन्सुलिनवर काम करत होता, आणि त्याचं इन्सुलिन टीपकागदाला चिकटून बसत होतं. पिष्ठाच्या दाण्यांत ते चिकटत नव्हतं, पण तिथे दुसरी कटकट: प्रथिन कुठवर गेलं हे कळायला त्या लगद्याच्या चाळीसेक चकत्या कापून प्रत्येकीची वेगळी तपासणी करायची. मदतनीस नसलेल्या माणसाला ते झेपणारं नव्हतं. तेव्हा त्याला लहानपण आठवलं. आई वडिलांच्या सदऱ्यांना खळ करायची, तो मदतीला असायचा, आणि भांड्यात उरलेली खळ गार झाली की तिची थरथरणारी जेली होते हे त्याने पाहिलेलं होतं. पिष्ठ शिजवून त्याची वडी पाडली तर चकत्या कापायला नकोत, सरळ रंग टाकून प्रथिनांचे पट्टे पाहता येतील! जानेवारी १९५४ मधली ही गोष्ट. ज्या घरांत सुती साड्यांना घरीच खळ दिली जाई, त्या घरांतल्या कुणालाही ही जेली नवी नाही. १९५५ साली हे काम प्रसिद्ध झालं आणि रक्तद्रवात चार-पाच नव्हे, कितीतरी अधिक प्रथिनं आहेत हे कळलं.

स्मिथीज यांच्या खळीने दोन कामं एकदम केली. पाणी घुसळू दिलं नाही, हे एक. दुसरं अनपेक्षित होतं: जेलच्या बारीक छिद्रांतून लहान रेणू भराभर निसटले, मोठे रेंगाळले. म्हणजे जेल ही चाळणीही झाली. १९५९ मध्ये पिष्ठाच्या जागी पॉलिअॅक्रिलामाइड आलं. छिद्रं हवी तेवढी लहानमोठी करता येणारं, काचेसारखं स्वच्छ, कृत्रिम जेल. डीएनएला तर चाळणीवाचून गत्यंतरच नाही. डीएनएचा धागा जितका लांब तितका त्याचा भार जास्त आणि त्याच प्रमाणात पाण्याचा विरोधही जास्त, म्हणून मोकळ्या पाण्यात शंभर अक्षरांचा धागा आणि पाचशे अक्षरांचा धागा जवळपास एकाच वेगाने चालतात. जेलमध्ये मात्र एका अक्षराचा फरकही दिसतो. १९७७ ची फ्रेडरिक सँगर यांची डीएनए वाचनाची पद्धत उभी आहे ती या एका अक्षराच्या फरकावर.

सँगर यांची जेलं दोन मोठ्या काचांमधल्या अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी फटीत ओतलेली असत. ज्यांनी हे काम हातांनी केलं आहे त्यांना ठाऊक असेल: काचा घासून पुसून लख्ख करायच्या, कडा चिकटपट्टीने बंद करायच्या, विषारी अॅक्रिलामाइड हातमोजे घालून मिसळायचं, आणि बुडबुडा न येऊ देता एका कडेने ओतत जायचं. मग तासन्‌तास वीज. वेग वाढवावा म्हणून व्होल्ट वाढवले की जेल तापणार, पट्टे वाकणार, काच तडकणार. तीन अब्ज अक्षरांचा मजकूर या रीतीने वाचायचा, तर माणसांची एक पिढी लागली असती.

तापण्यावरचा उपाय दिसायला सोपा: नळी बारीक करा. आतली पोकळी जितकी बारीक तितकी उष्णता भिंतीपर्यंत लवकर पोचते आणि बाहेर पडते. टिसेलियस यांचे उप्सालातले शिष्य स्टेलान येर्तेन यांनी १९६७ मध्ये काही मिलिमीटरच्या क्वार्ट्झच्या नळ्या घेतल्या आणि आतला द्रव घुसळू नये म्हणून नळी सतत स्वतःभोवती फिरत ठेवली. आतल्या भिंतीला त्यांनी मेथिलसेल्युलोजचा लेपही दिला. हा लेप लक्षात ठेवा. पुढे तो पुन्हा येणार आहे. नळीला फिरवण्याची गरजच उरू नये इतकी ती बारीक केली १९८१ मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या जेम्स जॉर्गेन्सन आणि क्रिन ल्युकॅक्स यांनी. ७५ मायक्रॉनची पोकळी आणि तीस हजार व्होल्ट. इतक्या विद्युतदाबाखालीही नळी फारशी तापली नाही. मीटरभर लांबीच्या अशा नळीत मावतो किती द्रव? हिशेब केला तर जेमतेम साडेचार मायक्रोलिटर. एका मिलिलिटरात दोनशेहून अधिक नळ्या भरतील.

नळी तयारच होती, हे या लोकांचं भाग्य. १९७९ पासून गॅस क्रोमॅटोग्राफीसाठी फ्यूज्ड सिलिकाच्या केशनळ्या मिळू लागल्या होत्या. शुद्ध सिलिकाची नळी, वरून मधाच्या रंगाचा पॉलिइमाइडचा लेप. तो लेप आहे तोवर नळी वेटोळं करून ठेवता येते; तपासणीच्या खिडकीसाठी बोटभर लेप जाळून काढला की तिथे ती नुसत्या धक्क्याने मोडते.

मग पुढची पायरी उघड होती: नळी बारीक आहे, जेल चाळणी आहे, तर नळीत जेल भरा. येर्तेन यांनी १९८३ मध्ये हे करून दाखवलं. आणि बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात बॅरी कार्गर आणि अहरॉन कोहेन यांनी १९८७ मध्ये प्रथिनांसाठी, पुढच्याच वर्षी डीएनएच्या लहान तुकड्यांसाठी, ते असं काही करून दाखवलं की सगळे चकित झाले. १९९० मधल्या त्यांच्या निबंधात, आंद्राश गुटमान आणि डेव्हिड हायगर यांच्यासह, दर मीटरला तीन कोटी थिऑरेटिकल प्लेट एवढी तीक्ष्णता नोंदवली आहे. हे माप चाळणीचं काम किती नेमकं झालं ते सांगतं. जॉर्गेन्सन यांच्या पहिल्या नळ्यांतला आकडा काही लाखांचा होता. त्या आलेखांत एकेका अक्षराने वाढत जाणारे धागे उभ्या काटक्यांसारखे एकमेकांपासून सुटे दिसतात.

आलेख सुरेख होते. नळ्या मात्र टिकत नव्हत्या.

जेल नळीत ओतून होत नाही, ते नळीतच जमवावं लागतं. अॅक्रिलामाइड आणि धाग्यांना आडवे दुवे घालणारं बिसअॅक्रिलामाइड पाण्यात विरघळवायचं, द्रावणातली हवा पूर्ण काढून टाकायची, जेल जमवणारं अमोनियम परसल्फेट आणि टेमेड घालायचं, आणि जमायला लागण्याआधी ते सिरिंजने नळीत दाबायचं. इथवर ठीक. पण अॅक्रिलामाइडचे सुटे रेणू एकमेकांपासून जेवढे दूर असतात, त्याहून साखळीत गुंफल्यावर जवळ येतात. म्हणजे जमताना सगळं मिश्रण आकसतं. उघड्या भांड्यात हे कळतही नाही, पातळी थोडी खाली जाते एवढंच. पण मीटरभर लांब, केसाएवढ्या पोकळीत आकसायला जागा कुठली? मधल्या भागातल्या जेलला दोन्ही टोकांकडून द्रव मिळत नाही, कारण टोकं आधीच जमलेली असतात. ते ताणलं जातं, आणि कुठेतरी फाटतं. तिथे पोकळी उमटते.

याला जोड होती भिंतीची. सिलिकाच्या भिंतीवर ऋण भार असतो. त्याला चिकटून पाण्यातल्या धन आयनांचा पातळ थर असतो आणि वीज सुरू झाली की तो थर ऋण टोकाकडे सरकू लागतो, सोबत सगळं पाणी ओढत. याला इलेक्ट्रोऑस्मोसिस म्हणतात. मोकळ्या नळीत ही ओढ उपयोगी पडते. जेलच्या नळीत तीच ओढ जेलला नळीतून बाहेर ढकलू पाहते. टोकाशी जेल चक्क नळीबाहेर डोकावू लागतं.

मग जेल भिंतीला चिकटवून टाका. येर्तेन यांनी १९८५ मध्ये वापरलेलं एक सिलेन होतं, ज्याचा एक हात काचेला धरतो आणि दुसरा अॅक्रिलामाइडच्या साखळीत गुंफला जातो. येर्तेन यांनी ते वापरून भिंतीला फक्त आडवे दुवे नसलेल्या पॉलिअॅक्रिलामाइडचा पातळ लेप दिला होता, भिंतीचा भार झाकला जावा एवढ्यासाठी. कार्गर-कोहेन यांनी अशाच दुहेरी हाताच्या रसायनाने पूर्ण जेलच भिंतीला बांधलं. आता ते बाहेर सरकेना. पण चारी बाजूंनी बांधलेलं जेल आकसताना आणखीच ताणलं जातं. इकडे आड, तिकडे विहीर: बांधलं तर आतून फाटतं, सोडलं तर बाहेर येतं.

या पेचावर पुढच्या तीन-चार वर्षांत जे उपाय निघाले त्यांचा मला फार आनंद वाटतो, कारण प्रत्येकामागे बुडबुड्याबद्दलचा एक वेगळा विचार आहे. ह्युलेट-पॅकार्डच्या बेन्टे आणि मायर्सन यांनी म्हटलं, आकसणं टाळता येत नाही तर आधीच दाबून घ्या. त्यांनी जेल प्रचंड दाबाखाली जमवलं. म्हणजे दाब काढल्यावर होणारं प्रसरण आकसण्याची भरपाई करेल. इंडियाना विद्यापीठात डोल्निक, कॉब आणि मिलोश नोव्होत्नी यांनी म्हटलं, सगळं एकदम जमतं म्हणून ताण येतो. ते एका टोकाकडून क्रमाने जमू दे. त्यांनी जमवणारं रसायन विजेच्याच जोरावर नळीच्या एका टोकाकडून आत सरकवलं, म्हणजे जमण्याची सीमारेषा दिवाळीतल्या फुलबाजीच्या ठिणगीसारखी पुढे पुढे जाते आणि तिच्यासमोर अजून पातळ असलेलं द्रावण आकसण्याची जागा भरून काढतं. म्युलहाइमच्या माक्स प्लांक संस्थेत गेरहार्ड शोमबुर्ग यांच्या गटाने परसल्फेट आणि टेमेडच काढून टाकलं. द्रावण आधी निवांत नळीत भरायचं, हवा तेवढा वेळ घ्यायचा, आणि मग गॅमा किरणांनी ते जमवायचं. घाई संपली, म्हणजे भरतानाच अर्धवट जमण्याचा धोकाही संपला. याच गटाने भिंतीची पूर्वतयारी जेलच्या टिकाऊपणावर काय परिणाम करते याचाही बारकाईने अभ्यास केला. कार्गर यांनी मिश्रणात पॉलिएथिलीन ग्लायकॉल घालून पाहिलं. जपानमध्ये योशिनोबू बाबा नळ्या भरण्याच्या कृतीवर मेहनत घेत होते.

या सगळ्यांनी नळ्या सुधारल्या. पण एकाच्या हातून जमणारी नळी दुसऱ्याच्या हातून जमत नसे, आणि खरा डीएनए नमुना घातला की चांगली नळीही काही खेपांत बिघडे.

तोवर निकड वाढली होती. ऑक्टोबर १९९० मध्ये मानवी जनुकसंच प्रकल्प अधिकृतपणे सुरू झाला. त्याच वर्षी युटा विद्यापीठातले हॅरल्ड स्वर्डलो आणि रेमंड गेस्टलँड, विस्कॉन्सिनमध्ये लॉइड स्मिथ यांचा गट, आणि अल्बर्टा विद्यापीठात नॉर्मन डोव्हिची यांनी जेल भरलेल्या केशनळीत डीएनए वाचून दाखवला. काचांच्या फटीपेक्षा कितीतरी वेगाने. हे लॉइड स्मिथ म्हणजे १९८६ मध्ये लेरॉय हूड यांच्या प्रयोगशाळेत रंगीत प्रकाशाने डीएनए वाचणारं पहिलं स्वयंचलित यंत्र घडवणाऱ्यांपैकी एक. त्यांच्यासारखा माणूस काचा सोडून नळीकडे वळला, यावरून नळीचं भविष्य कळत होतं. फक्त त्या बुडबुड्याचं काय?

१९९२ मध्ये स्वर्डलो, डोव्हिची, गेस्टलँड आणि सहकाऱ्यांनी केवळ जेलच्या टिकाऊपणावर एक निबंध लिहिला. या सगळ्या इतिहासातलं हे माझं सर्वांत आवडतं लेखन. इतरांनी बुडबुडा कसा टाळावा ते शोधलं, यांनी तो का येतो ते शोधलं. त्यासाठी त्यांनी मुद्दाम भिंतीला न बांधलेलं जेल घेतलं. बांधलेलं जेल जास्त टिकतं हे त्यांना माहीत होतं. पण टिकणारी वस्तू आपली दुखणी लपवते.

त्यांना तीन वेगळी दुखणी सापडली. एक, नमुना न घालताही येणारे बुडबुडे: ते इलेक्ट्रोऑस्मोसिसच्या ओढीचे. जेलमध्ये धागे सरळ राहावेत म्हणून युरिया घालतात. त्याऐवजी फॉर्मामाइड घातलं की हे बुडबुडे कमी होत. दोन, प्रवाहाचं हळूहळू, सारखं उतरत जाणं. याचा बुडबुड्याशी संबंधच नव्हता! जेल आणि बाहेरचा द्रव जिथे भेटतात तिथे आयन विरळ होत जात होते, म्हणून तिथला विरोध वाढत होता. बाहेरच्या द्रवातही युरिया आणि अॅक्रिलामाइड घातलं की हे उतरणं आवरतं. तीन, नमुन्याने होणारा बिघाड. वाचनाच्या अभिक्रियेत नव्याने घडलेले छोटे धागे असतात, तसाच ज्यावरून ते घडले तो मूळ साचाही असतो. एम१३ विषाणूचा साचा तर सात हजारांहून अधिक अक्षरांचा. काही शे अक्षरांसाठी बेतलेल्या जेलच्या तोंडाशी तो आला की अडचण होणारच. साचा काढून टाकल्यावर नमुना बिनबोभाट आत गेला.

इतकी वर्षं एकच आजार समजून ज्याच्यावर औषधं चालली होती, ते तीन आजार होते. आणि प्रवाह उतरतो म्हणजे बुडबुडा आला, ही समजूतही सरसकट खरी नव्हती.

एवढं कळल्यावर नळ्या आणखी टिकाऊ झाल्या असत्या. पण इतिहास तिथून वळला, आणि वळवला तो पुन्हा बॉस्टनने. हायगर, कोहेन आणि कार्गर यांनी १९९० मध्येच जेलमधले आडवे दुवे कमी कमी करत शून्यावर आणले होते. दुवे नाहीत, म्हणजे जाळं नाही. नुसत्या लांबच लांब साखळ्या पाण्यात एकमेकांत गुंतलेल्या. शेवयांच्या खिरीत चमचा फिरवावा तशी ती वस्तू. तरीही डीएनएचे तुकडे वेगळे झाले. याला आधार देणारी कल्पना पदार्थविज्ञानात तयार होती: प्येर-जिल द जेन यांनी १९७१ मध्ये मांडलं होतं की लांब साखळी गुंत्यातून वाट काढते ती सापासारखी, डोकं जिकडे जाईल तिकडे शरीर ओढत. डीएनएला गुंता पुरतो. गुंत्यातली प्रत्येक गाठ पक्की असण्याची त्याला गरज नसते, फक्त तो जाईस्तोवर ती सुटू नये.

आणि गाठ पक्की नसेल तर ते मिश्रण वाहतं. वाहतं म्हणजे नळीत भरता येतं, आणि काढताही येतं. १९९३ मध्ये मारी रुईझ-मार्टिनेझ, यान बेर्का, बेलेंकी, फोरेट, मिलर आणि कार्गर यांनी हेच केलं. पॉलिअॅक्रिलामाइडच्या सुट्या साखळ्या नळीबाहेर, मोठ्या भांड्यात, सावकाश घडवायच्या. तिथे त्या आकसल्या तरी कुणाचं काही बिघडत नाही. मग ते दाट मिश्रण दाबाने नळीत भरायचं, डीएनए वाचायचा, आणि वाचून झालं की दाबानेच बाहेर ढकलून नवं भरायचं. साचा तोंडाशी अडकला? आयन विरळ झाले? बुडबुडा आला? पुढच्या खेपेला सगळं नवं. सहा वर्षं ज्या प्रश्नाने लोकांना जागवलं, त्याला आता दर खेपेला नळीबाहेर काढून टाकता येत होतं.

भिंतीला मात्र लेप हवाच होता, नाहीतर इलेक्ट्रोऑस्मोसिसने ते दाट मिश्रणही ओढून नेलं असतं. तो लेप येर्तेन यांच्या १९८५ च्या कल्पनेतला, आणि त्यामागे १९६७ मधला मेथिलसेल्युलोजचा. पुढे अप्लाइड बायोसिस्टिम्समधल्या रामकृष्ण मधुभूषी यांनी डायमिथिलअॅक्रिलामाइडच्या साखळ्या वापरल्या. त्या भिंतीला आपोआप चिकटून स्वतःच लेप होतात आणि इतक्या पातळ असतात की भरायला फार जोर लागत नाही. १९९६ मध्ये कार्गर यांच्याच गटाने ८० मिनिटांत हजार अक्षरं वाचून दाखवली.

हा बदल किती मोठा होता ते एका साध्या हिशेबाने कळेल. समजा, जेल भरलेल्या दहा नळ्यांपैकी एक बिघडते. एकाच नळीचं यंत्र असेल तर दहातून नऊ वेळा काम होईल, चालण्यासारखं आहे. पण ९६ नळ्या शेजारी शेजारी लावल्या तर त्या सगळ्या एकाच खेपेला नीट चालण्याची शक्यता पंचवीस हजारांत सुमारे एक. आणि जनुकसंच वाचायचा तर शेजारी शेजारीच लावायला हव्या होत्या. बर्कलीत रिचर्ड मॅथीज यांनी नळ्यांची रांग लेझरने तपासण्याची पद्धत काढली. हिताचीचे हिदेकी काम्बारा आणि अल्बर्टाचे डोव्हिची या दोघांनी स्वतंत्रपणे, नळीच्या टोकाबाहेर वाहत्या द्रवाच्या आवरणात डीएनए आला की तिथेच लेझरने तो पकडण्याची युक्ती केली. हे सगळं जुळवून १९९० च्या दशकाअखेर ९६ नळ्यांची यंत्रं बाजारात आली: मॉलिक्युलर डायनॅमिक्सचं मेगाबेस आणि अप्लाइड बायोसिस्टिम्सचं ३७००. दोन्हींत दर खेपेला नळ्या आपोआप रिकाम्या होऊन नव्याने भरल्या जात. मे १९९८ मध्ये स्थापन झालेल्या, व्हेंटर यांच्या सेलेरा कंपनीने रॉकव्हिलला अशी सुमारे ३०० यंत्रं लावली. सरकारी केंद्रांनीही यंत्रं बदलली. २६ जून २००० रोजी पहिला मसुदा जाहीर झाला आणि एप्रिल २००३ मध्ये, ठरल्यापेक्षा दोन वर्षं आधी, प्रकल्प पूर्ण झाला. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

जनुकसंच आज दुसऱ्याच यंत्रांवर वाचले जातात. केशनळी मात्र निवृत्त झालेली नाही. एखाद्या जनुकातला एकच बदल खात्रीने तपासायचा असेल, गुन्ह्याच्या जागी सापडलेला रक्ताचा डाग कुणाचा ते पाहायचं असेल, बेवारस मृतदेहाची ओळख पटवायची असेल, तर आपल्याकडच्या न्यायसहायक प्रयोगशाळांतही काम करते ती हीच नळी. यंत्राला पॉलिमरची थैली जोडलेली असते. दर खेपेला त्यातला थोडा पॉलिमर नळीत येतो आणि काम झालं की टाकाऊ द्रवाच्या कुपीत जातो. तिथे काम करणाऱ्या तरुणांपैकी अनेकांनी जेलमधला बुडबुडा कधी पाहिलेलाही नसेल.

स्मिथीज १९८८ मध्ये चॅपेल हिलला, नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात, गेले. जॉर्गेन्सन यांनी पहिली ७५ मायक्रॉनची नळी वापरली ते विद्यापीठ हेच. २००७ मध्ये स्मिथीज यांना नोबेल मिळालं ते वेगळ्याच कामाला, उंदरांतली जनुकं नेमकी बदलण्याच्या पद्धतीला. म्हातारपणीही ते रोज प्रयोगशाळेत येत आणि वही लिहीत. २०१७ च्या जानेवारीत ते गेले. त्यांच्या वह्या विद्यापीठाने जपून सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत, आणि पिष्ठ शिजवून त्याची वडी पाडायची कल्पना ज्या महिन्यात सुचली, त्या जानेवारी १९५४ ची पानंही त्यांत आहेत.